तुम्ही विचारलंत म्हणून: डीएलएल नुसती लोड केली तर चालतं ना?

"आमचं सॉफ्टवेअर बंदिस्त आहे, त्याचा सोर्स (मूळ कोड) आम्ही कुणाला देत नाही. एफएफएमपेग या व्हिडिओ हाताळणाऱ्या सॉफ्टवेअरच्या कोडला आम्ही हातही लावत नाही, नुसती त्याची डीएलएल (आमचा प्रोग्रॅम चालताना वापरतो ती तयार कोडची फाइल) लोड करतो. मग लायसन्सची काळजी कशाला?" हा प्रश्न मला सारखा विचारला जातो. माझा उलटा प्रश्न ठरलेला आहे: ती डीएलएल आणलीत कुठून? बहुतेकदा उत्तर येतं, "नेटवर तयार मिळाली."

गोम तिथेच आहे. एफएफएमपेग मुळात एलजीपीएल २.१ या लायसन्सखाली मिळतं आणि ते बंदिस्त प्रोग्रॅमसोबत वापरता येतं. पण बिल्ड करताना, म्हणजे सोर्समधून डीएलएल बनवताना, कुणी 'एनेबल-जीपीएल' हा पर्याय दिला, समजा एक्स२६४ हा एन्कोडर (व्हिडिओ आकसून साठवणारा कोड) हवा म्हणून, की ती डीएलएल जीपीएलची होते. हे लायसन्स जास्त कडक: त्याच्या कोडसोबत एक झालेल्या अख्ख्या प्रोग्रॅमचा सोर्स ते मागतं. फाइलचं नाव मात्र तेच राहतं. 'एनेबल-नॉनफ्री' दिलं असेल तर ती पुढे कुणाला देताच येत नाही.

पूर्वीच्या एका नोकरीत इन्स्टॉलर ग्राहकाकडे जायच्या आदल्या संध्याकाळी मी त्या डीएलएलला तिचंच लायसन्स विचारलं. त्यासाठी तिच्यात एक फंक्शन असतं. उत्तर आलं, जीपीएल. आधीच्या दोन आवृत्त्यांतूनही हीच फाइल गेली होती. आणि एक्स२६४ आम्हाला लागतही नव्हता! आम्ही व्हिडिओ फक्त उघडून दाखवत होतो. मला त्या रात्री फार वाईट वाटलं. ज्यांनी वर्षानुवर्षं खपून हा कोड लिहिला, त्यांची अट आम्ही वाचलीसुद्धा नव्हती.

तुमचा प्रोग्रॅम आणि डीएलएल एकमेकांची फंक्शन्स बोलावतात आणि डेटा स्ट्रक्चर्स वाटून घेतात, तेव्हा तो एकच प्रोग्रॅम धरावा, असं ही लायसन्स लिहिणारी संस्था, फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशन, म्हणते. सगळ्या वकिलांना हे पटत नाही. पण त्या वादाच्या भरवशावर प्रॉडक्ट विकू नये. डीएलएलऐवजी एफएफएमपेगची वेगळी ईएक्सई (स्वतंत्र चालणारा प्रोग्रॅम) चालवली तर तुमचा कोड सहसा सुटतो, पण ती ईएक्सई तुम्हीच देताय, म्हणजे तिचा सोर्स देणं आलंच.

एलजीपीएलची डीएलएल असली तरी सोर्स द्यायचाच, बदल केला नसला तरी. करारातलं 'रिव्हर्स इंजिनिअरिंगला सक्त मनाई' (म्हणजे प्रोग्रॅम आतून उलगडून बघायला बंदी) हे कुठूनतरी उचललेलं वाक्यही तसंच ठेवता येत नाही. ग्राहकाला डीएलएल बदलून प्रोग्रॅम चालवता आला पाहिजे, हा त्याचा हक्क आहे. म्हणून पाठवण्याआधी मी स्वतः बिल्ड केलेली डीएलएल जुनीच्या जागी ठेवते आणि प्रोग्रॅम उघडून बघते. फाइलची डिजिटल सही जुळत नाही म्हणून तो अडून बसला, तर इन्स्टॉलर परत टीमकडे जातो.