सगळ्यात मागचा गडी

बाबांना घोड्यावरच्या सिनेमांचं वेड होतं. शनिवारी पहिली पाळी संपली की लकडी पुलापाशी, अलका टॉकीजला. मी दहा-बारा वर्षांची असताना मलाही न्यायचे. मी बंदुका बघायची आणि बाबा कानात सांगायचे, "ते सोड गं, मागे गुरं कोण हाकतंय ते बघ."

भोसरीतलं आमचं वर्कशॉप बाबांनी उभं केलं. ते गेल्यापासून मी चालवते. दोन सीएनसी, म्हणजे संगणकावर चालणारी मशीनं, तीन जुनी लेथ, एक ड्रिलिंग, आणि माझ्यासकट अकरा माणसं. बाबांची ती 'मागची गुरं' मला कळली ती गेल्या पावसाळ्यात, एका रिजेक्शनमुळे.

आधी काउबॉयचं सांगते. बंदूकबाजी बाजूला ठेवली तर हा माणूस म्हणजे पगारी गुराखी. १८६५ साली अमेरिकेतलं यादवी युद्ध संपलं तेव्हा टेक्सासात गुरं उदंड होती, पण तिथे त्यांना भाव नव्हता. तिथे चार डॉलरला मिळणारं जनावर उत्तरेकडे चाळीसपर्यंत जायचं. १८६७ मध्ये कॅन्ससातल्या अ‍ॅबिलीनला रेल्वेलगत गुरांचा बाजार सुरू झाला आणि टेक्सासातून तिथवर कळप चालत जाऊ लागले. दोन-अडीच हजार गुरं आणि त्यांच्यामागे दहा-बारा गडी. दिवसाला सोळा ते चोवीस किलोमीटर, असे दोन-तीन महिने. महिना तीस-चाळीस डॉलर पगार.

अकरा माणसांचं वर्कशॉप चालवणारीला दहा-बारा गडी हा आकडा वाचून थांबावंच लागतं. एवढ्या कमी माणसांत कुणी एक जण ढिला पडला तर कळप फुटणारच.

प्रत्येकाची जागा ठरलेली असायची. पुढे दोघे वाट दाखवणारे, ते सगळ्यात जाणते. कळपाच्या दोन्ही कडांना काही जण. आणि सगळ्यात मागे, लंगडणारी, रेंगाळणारी, थकलेली जनावरं पुढे ढकलणारे. हजारो खुरांची धूळ या मागच्यांच्या नाकातोंडात जायची, म्हणून तोंडाला रुमाल बांधलेला. ही जागा बहुधा नव्या पोरांना मिळायची. नाव कुणाचं व्हायचं, तर पुढच्यांचं. पण मागच्याने काम टाकलं तर रोज दहा-वीस जनावरं वाटेतच राहिली असती, आणि ते पुढच्याला संध्याकाळपर्यंत कळलंही नसतं.

आमच्याकडे ही मागची जागा म्हणजे डीबरिंग आणि शेवटचं गेजिंग. तिथे काका बसतात, आमचे जुने कामगार, बाबांच्या वेळेपासून. मशीनवरून आलेल्या जॉबची, म्हणजे सुट्या भागाची, धारदार बर (कापताना कडेला राहिलेला धातूचा काटा) कानसने काढायची, एअर गनने चिप उडवायच्या, आणि दहातला एक जॉब गो-नोगो गेजवर बघायचा: गेजचं गो टोक भोकात जायला हवं, नोगो जायला नको. लोखंडाची बारीक पूड दिवसभर अंगावर. काका बर डोळ्यांनी बघत नाहीत. अंगठ्याचं नख कडेवरून फिरवतात, कुठे अडलं की तिथे कानस.

जुलैमध्ये एका गिऱ्हाइकाकडून लॉट परत आला. पंचवीस मिलिमीटरचा बोअर, म्हणजे आतलं भोक, मापात सूट एकवीस मायक्रॉनची (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), आणि बऱ्याच जॉबमध्ये नोगो सरळ आत जात होता. म्हणजे बोअर मोठा, जॉब भंगार. मी सगळ्यांसमोर काकांवर ओरडले. "तुमच्या हातून गेलेत ना हे?" काका एवढंच म्हणाले, "बघतो ताई." आणि गेज उचलून क्रेटपाशी जाऊन बसले.

दुसऱ्या दिवशी सकाळी रात्रपाळीचा पोरगा घरी न जाता माझ्या टेबलापाशी येऊन उभा राहिला. डोळे तांबारलेले. "ताई, ऑफसेट मी दिला होता. इन्सर्ट झिजला वाटलं म्हणून एकदा दिला, झोपेच्या तंद्रीत परत दिला. काकांचा काही संबंध नाही." ऑफसेट म्हणजे कापणारं पातं, इन्सर्ट, झिजलं की मशीनला दिलेली मापाची भरपाई. दोनदा दिली की बोअर मोठा.

मी काकांकडे गेले. क्रेटवरच्या चिठ्ठ्यांवरून त्यांना आदल्या दिवशीच कळलं होतं, कुठल्या पाळीचा माल ते. "मग सांगितलं का नाहीत?" म्हटलं. काका म्हणाले, "तो स्वतः सांगेल असं वाटलं. पोराला एक रात्र द्यावी." मी सगळ्यांसमोर ओरडले होते, तेव्हा सगळ्यांसमोर माफीही मागितली.

त्याच आठवड्यात गुराख्यांच्या रात्रपहाऱ्याबद्दल वाचत होते. दिवसभर घोड्यावर काढलेली ही माणसं रात्रीही पाळीपाळीने, साधारण दोन-दोन तास, कळपाभोवती फिरायची. एका वेळी दोघे, एकमेकांच्या उलट दिशेने, म्हणजे प्रत्येक फेरीत गाठ पडणार. जनावरं बिथरू नयेत म्हणून हळू आवाजात गात. मी पुस्तक मिटलं. दीडशे वर्षांपूर्वी उघड्या माळावर रात्री एका माणसावर कळप सोडत नसत, आणि मी त्या पोराला बारा तास दोन मशीनवर एकटं ठेवलं होतं. चूक त्याच्या हातून झाली हे खरं, पण तशी वेळ आणली मी.

त्यांच्यात एक म्हण आहे, ज्याच्या डागाची गुरं त्याच्यासाठी घोडा दौडवायचा. डाग म्हणजे जनावराच्या अंगावरची मालकाची खूण. २०१० साली वायोमिंग राज्याने तर आपल्या अधिकृत आचारसंहितेत ही ओळ घेतली. आपल्याकडे याला खाल्ल्या मिठाला जागणं म्हणतात. मालक लोकांना ही म्हण फार आवडते, मलाही आवडायची. पण १८८३ मध्ये टेक्सासातल्या याच गुराख्यांनी पगारासाठी संप केला होता, हे कुणी सांगत नाही. संप मोडला, मालकांनी दुसरी माणसं आणली. मिठाला जागायचं ते फक्त खाणाऱ्याने, असं ठरवलं की हे असं होतं. मीठ वाढणाऱ्याचंही काही देणं लागतं.

ते देणं फेडणाराही एक होता. चार्ल्स गुडनाइट, टेक्सासातला गुरांचा मालक. गुरांच्या तांड्याबरोबर जाणारी स्वयंपाकाची गाडी १८६६ मध्ये यानेच बनवली. त्याचा भागीदार ऑलिव्हर लव्हिंग १८६७ मध्ये न्यू मेक्सिकोत जखमांनी मेला. मला माझ्या गावी पुर, असं त्याने मागितलं होतं. गुडनाइटने त्याचा देह शेकडो मैल परत टेक्सासात आणला. त्याच्याकडे बोस आयकार्ड नावाचा गडी होता, जन्माने गुलाम, युद्धानंतर मोकळा झालेला. पैशांच्या बाबतीत गुडनाइटचा याच्यावर सर्वांत जास्त भरवसा. आयकार्ड १९२९ मध्ये गेला तेव्हा नव्वदीतल्या गुडनाइटने त्याच्या थडग्यावर दगड बसवला आणि त्यावर कोरून घेतलं, की याने कधी काम टाळलं नाही. चार वर्षांची सोबत, आणि साठ वर्षांनीही आठवण. हे वाचताना मला बाबा आठवले. काकांच्या मुलीच्या लग्नात आदल्या रात्री मंडपात खुर्च्या मांडत होते.

परत आलेला माल निवडायला गुरुवारची सुट्टी गेली. मी कुणाला बोलावलं नव्हतं. आठ वाजता शटर उघडायला गेले तर सातजण पायरीवर बसलेले, मशीन लावून देणाऱ्या सेटरने तर घरून स्वतःचं गेज आणलेलं. दुपारी पॅकिंगच्या टेबलावर सगळ्यांचे डबे एकत्र उघडले. कुणाची मेथी, कुणाचं पिठलं, अंडाकरी, माझी थालीपिठं. कुणाचा डबा कुठला हे दोन मिनिटांत कळेनासं झालं. गोपाळकाला म्हणजे तरी काय, गुराख्यांच्या शिदोऱ्याच.

नुकसान बरंच झालं. ते कुणाच्या पगारातून कापलं नाही. ऑगस्टपासून रात्रपाळीला दोघे असतात. खर्च वाढला, त्याचा हिशेब अजून जुळवते आहे. डीबरिंगच्या टेबलाला पूड ओढणारा पंखा बसवला. हे बाबांनीच करायला हवं होतं, आणि मी तर त्याआधी कितीतरी वर्षं त्या टेबलाशेजारून रोज जात होते. शनिवारी तासभर मी स्वतः तिथे बसते. पंखा असूनही घरी गेल्यावर नाक धुतलं की पाणी करडं येतं.

दिवाळीनंतर काका गावी जाणार आहेत, कायमचे. त्यांची जागा मागून घेतली ती त्याच पोराने. सध्या रोज अर्धा तास लवकर येऊन त्यांच्याशेजारी बसतो. काल त्याने जॉब उजेडात धरून कड बघितली, तर काकांनी तो त्याच्या हातातून काढून घेतला, परत दिला आणि म्हणाले, "डोळे मीट. आता नख फिरव."