अग्रलेखाला गोळीने उत्तर

अमेरिकेतील सॅन बर्नार्डिनोच्या गोळीबारात १४ जणांचा बळी गेल्यानंतर ५ डिसेंबर २०१५ रोजी न्यूयॉर्क टाइम्सने १९२० नंतर प्रथमच पहिल्या पानावर अग्रलेख छापला आणि काही प्रकारच्या रायफली नागरिकांच्या हाती असूच नयेत, अशी मागणी केली. त्यावर एका पुराणमतवादी भाष्यकाराने त्याच अंकाला गोळ्या घालून भोके पडलेल्या पानाचे छायाचित्र प्रसिद्ध केले. मला ते पोरकट वाटले; ज्या आरोपाचे खंडन करायचे, त्यालाच त्याने पुरावा पुरवला.

बंदूकधारकांची सगळीच उत्तरे मात्र अशी नसतात. अशा चर्चेत वारंवार येणाऱ्या ‘एआर-१५’ या रायफलीच्या नावातील ‘एआर’ म्हणजे ‘असॉल्ट रायफल’ नव्हे, ती अक्षरे आर्मालाइट या कंपनीच्या नावावरून आली आहेत आणि ही रायफल चाप एकदा ओढला की एकच गोळी झाडते, हे ते पत्रकारांना पुन्हा पुन्हा सांगतात, आणि ते खरेच आहे. अर्थात, शब्दाची चूक दाखवली म्हणजे मृतांविषयीच्या प्रश्नाचे उत्तर दिले, असे होत नाही.

त्यांची खरी जखम २०१२ सालची असावी. त्या डिसेंबरात न्यूयॉर्क राज्यातील एका स्थानिक दैनिकाने पिस्तूल परवानाधारकांची नावे आणि पत्ते नकाशावर ठिपक्यांनी दाखवले होते. ही माहिती कायद्याने खुली होती खरी, पण रीतसर परवाना घेणाऱ्याचेच घर ठिपका होऊन छापले जावे, हा त्यांचा संताप मला आजही रास्त वाटतो.