रोजची एक गोळी, सहा महिने

वर्षभरात चौथ्यांदा युरीन इन्फेक्शन झालं तेव्हा डॉक्टर म्हणाल्या आता इन्फेक्शन परत होऊ नये म्हणून रोज रात्री कमी डोसची एक अँटिबायोटिक गोळी, सहा महिने. मला तर सुटल्यासारखंच वाटलं, कारण ती जळजळ आणि दर दहा मिनिटांनी बाथरूमला पळणं ज्याने भोगलंय त्यालाच कळतं.

गोळी होती नायट्रोफ्युरँटॉइन. लघवी गडद पिवळी-तपकिरी होते, त्याला घाबरू नका. पण हीच गोळी महिनोन्‌महिने घेतली तर क्वचित फुफ्फुसांना सूज येते, कोरडा खोकला आणि दम लागणं हळूहळू सुरू होतं आणि आपण म्हणतो वय झालं! लिव्हरवर परिणाम होऊ शकतो, हातापायाला मुंग्या येऊ शकतात, किडनी कमजोर असेल तर धोका जास्त. म्हणून मधूनमधून रक्ततपासणी. त्याऐवजी ट्रायमेथोप्रिम ही दुसरी अँटिबायोटिक असेल तर रक्तातलं पोटॅशियम वाढतंय का ते बघावं लागतं.

मला त्रास झाला तो वेगळाच, तिसऱ्या महिन्यात खाली यीस्ट इन्फेक्शन, म्हणजे एक खाज गेली नि दुसरी आली. चांगले जंतूही मरतात ना. जोरदार जुलाब लागले तर मात्र घरच्या घरी गोळ्या घेऊन थांबवत बसू नका, सी. डिफिसाइल नावाच्या जंतूचं आतड्याचं इन्फेक्शन असू शकतं, डॉक्टरांना फोन करा.

आणि रेझिस्टन्स तर आहेच, जंतू औषधाला सरावतात, म्हणून इन्फेक्शन झालं की प्रत्येक वेळी लघवीचं कल्चर करा, म्हणजे कोणता जंतू आहे आणि कोणतं औषध चालेल ते कळतं.

इन्फेक्शन परत होऊ नये म्हणून मिथेनामाइन नावाची अँटिबायोटिक नसलेली गोळीही असते आणि पाळी गेलेल्या बायकांसाठी योनीत लावायचं इस्ट्रोजेन क्रीम, हे मला कुणी आधी सांगितलंच नव्हतं, मीच विचारलं.