कमलाबाई, दुर्गाबाई आणि आमची तालीम

रविवार, रात्रीचे पावणेबारा

आज लेकीच्या बालनाट्याची रंगीत तालीम होती, गंगापूर रोडवरच्या एका हॉलमध्ये. नऊवारी मीच नेसवली. तेरा वर्षांची पोर, कंबर कुठे असते तेव्हा, आठ सेफ्टी पिना लागल्या तरी काष्टा सुटतोच. मेकअप झाल्यावर तिने स्ट्रॉने चहा प्यायला, लिपस्टिक जाऊ नये म्हणून. हे तिला कुणी शिकवलं नव्हतं, मोठ्या मुलींचं बघून शिकली.

आणि सकाळीच मावशींचा फोन होता की आता आठवीत आहे, पुरे झालं नाटकबिटक, मुलीच्या जातीला शोभत नाही. मी नुसतं हो हो केलं. दिवसभर तेच डोक्यात आणि स्वतःचाच राग येत होता.

येताना गाडीवर मी तिला कमलाबाई गोखल्यांबद्दल सांगत होते, विक्रम गोखलेंच्या आजी. शाळेच्या ट्रिपला पांडवलेणीच्या पायथ्याशी फाळके स्मारक बघितलंय तिने, फाळके त्र्यंबकचे हेही माहिती आहे, पण कमलाबाई कोण ते माहितीच नव्हतं! 1913 ला 'राजा हरिश्चंद्र' काढला तेव्हा फाळक्यांना तारामतीसाठी बाई काही मिळाली नाही, अगदी वेश्यावस्तीतल्या बायकांनीसुद्धा नाही म्हटलं, शेवटी मुंबईच्या हॉटेलात काम करणारे अण्णा साळुंखे तारामती झाले. मग फाळक्यांनी बस्तान नाशिकला हलवलं आणि पुढचा सिनेमा काढला 'मोहिनी भस्मासुर', त्यात कमलाबाई मोहिनी आणि त्यांची आई दुर्गाबाई कामत पार्वती. भारतीय सिनेमात पहिल्यांदा बायका आल्या त्या ह्या मायलेकी, आणि त्या आपल्या गावात. कमलाबाई तेव्हा तेरा वर्षांच्या वगैरे. लेक मागून म्हणाली, माझ्याएवढ्या?

पण कमलाबाईंना कॅमेरा नवीन असला तरी काम नवीन नव्हतं, जेमतेम चार वर्षांच्या असताना स्टेजवर उभ्या राहिलेल्या त्या. सिनेमा झाला आणि परत नाटकात. चित्ताकर्षक नाटक कंपनीतल्या रघुनाथराव गोखल्यांशी लग्न झालं, ते लवकर गेले, कमलाबाई पंचविशीच्या आसपास, पदरी दोन मुलं आणि तिसरं पोटात. थांबल्या नाहीत. पुरुषांच्या भूमिकासुद्धा केल्या, बोलपट आले तर त्यात केलं, अगदी 1980 च्या 'गहराई'पर्यंत. पोरं कशी निघाली बघा, चंद्रकांत गोखले नट, लालजी आणि सूर्यकांत तबल्यात. लोक "पहिली नायिका" म्हणतात आणि तिथेच थांबतात, मला मात्र ही नंतरची साठ-पासष्ट वर्षं जास्त मोठी वाटतात. पहिलं कुणीतरी होणारच होतं, पण एवढं टिकणं सोपं नाही.

आणि दुर्गाबाई. मला तर आज सारख्या त्याच आठवतायत. 1903 च्या सुमारास नवऱ्यापासून वेगळ्या झालेली बाई, कडेवर पोर, कमाईचं साधन काही नाही आणि ती नाटक कंपनीत जाते. त्या काळात! लोकांनी काय काय बोलून घेतलं असेल. पोरीला घेऊन कंपनीबरोबर गावोगाव फिरल्या आणि तिलाच पुढे स्टेजवर उभं केलं. मला एक फोन नीट घेता आला नाही.

घरी आल्यावर लेक कापसाला खोबरेल लावून तोंड पुसत बसली होती, अर्धं काजळ गालावर. मधेच विचारते, आई, मुका सिनेमा होता ना, मग त्या कॅमेऱ्यासमोर नुसते ओठ हलवायच्या का खरं बोलायच्या? मी म्हटलं, नाटकातल्या होत्या गं, खरंच बोलत असतील, मला तरी तसंच वाटतं. तिला पटलं. मग झोपेपर्यंत स्वतःचे संवाद आवाज न काढता आरशात म्हणून बघत होती.

उद्या सकाळी मावशींना फोन करते. प्रयोग शनिवारी पाचला आहे, पुढच्या रांगेत दोन खुर्च्या ठेवल्यात, काकांना घेऊन या म्हणून सांगते.