गौरीबरोबर आलेल्या अळ्या

गौरी आवाहनाच्या दिवशी आईने महाद्वार रोडवरून तेरड्याची जुडी आणली. धुताना त्यातून दोन काळपट अळ्या निघाल्या. अंगावर दोन्ही बाजूंना डोळ्यांसारख्या पिवळ्या ठिपक्यांची रांग आणि शेपटाशी शिंग. चालताना ते पुढे-मागे हलायचं. शेजारच्या काकू म्हणाल्या, "फेक जा ते." आजी म्हणाली, "गौरीबरोबर आल्यात, माहेरवाशिणीच की. जेवायला घाल."

शोधल्यावर कळलं, हा हॉक मॉथ गटातला पतंग, थेरेट्रा ओल्डनलँडी. तेरडा ह्याचं आवडतं खाणं.

पहिली चूक माझीच. झाकण घट्ट लावून प्लॅस्टिकच्या डब्यात ठेवल्या. आत बाष्प धरलं, लेंड्यांना बुरशी आली, तिसऱ्या दिवशी एक मेली. मग दुसरीला जाळीच्या टोपलीखाली हलवलं. तोवर गौरी पंचगंगेला गेल्या आणि घरातला तेरडा संपला. ही जात अळूही खाते असं वाचलं होतं, म्हणून परसातलं पान ठेवलं. हिने तोंडही लावलं नाही. (वड्या केल्या असत्या तर बरं झालं असतं.)

शेवटी गाडी काढून पन्हाळ्यापलीकडे मसाई पठारावर गेलो. जांभ्याचा उघडा सडा, वर बोटभर माती. उन्हाळ्यात इथे आलेला माणूस ह्याला पडीक म्हणणारच. पण त्या दिवशी खळग्यांत पाणी होतं, कडेने गेंदाची पांढरी बोंडं, सीतेची आसवं ह्या फुलांची निळाई आणि कपारींत तेरडा. हे सगळं पावसाळ्यापुरतं. दिवाळीनंतर तेरडा वाळून जातो. तेवढ्यात अळीने खाऊन मोठं व्हायचं! चार फांद्या आणल्या, बाटलीतल्या पाण्यात उभ्या केल्या. रात्रभर कुरतडण्याचा आवाज.

आठवड्याने तिने खाणं सोडलं आणि ती सैरभैर फिरायला लागली. हीही गेली असं वाटलं. पण कोषाची वेळ झाली की असंच करतात. खाली भुसभुशीत माती, पाचोळा घातला. तिने पानं रेशमाने सांधून आत कोष केला. पंख लोंबवून वाळवायला आधार लागतो म्हणून एक खरबरीत काटकी रोवली.

पंधरा-सोळा दिवसांनी रात्री काटकीवर चुरगळलेले पंख दिसले. हळूहळू ते ताणले गेले. पाठीवर शेपटाकडे दोन रुपेरी रेघा. थोडा वेळ थरथरला आणि खिडकीतून गेला.

यंदा आई जुडी घेताना पानं उलटी करून बघत होती. विकणारी बाई वैतागली, "किडका न्हाई वो ताई!" आईला किडकाच पाहिजे होता.