चेअरमनच आमदार कसा होतो?

साखर कारखान्याचा चेअरमनच पुढे आमदार कसा होतो, असं तुम्ही विचारलंत. ‘पैसा’ हे उत्तर अर्धंच आहे. मेख आहे परवाना, सरकारी भांडवल आणि तोडणीची चिठ्ठी, म्हणजे कुणाचा ऊस कधी तोडायचा याचा हुकूम, यांत.

स्वातंत्र्याआधी नगरच्या कालव्यांवर कारखाने होते ते बेलापूर कंपनीसारख्या खासगी मालकांचे, आणि त्यांचे स्वतःचे हजारो एकर मळे होते. शेतकऱ्याकडे गुऱ्हाळ, डोक्यावर सावकार. शेतकरी पुढारी विठ्ठलराव विखे पाटील आणि अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ यांनी नगर जिल्ह्यात प्रवरा नदीकाठी सहकारी कारखाना उभा केला आणि १९५० च्या सुमारास गाळप सुरू झालं. पुढचं काम धोरणाने केलं. १९५१ च्या उद्योग कायद्याने कारखान्याचा परवाना दिल्लीच्या हातात गेला आणि तिथे सहकाराला झुकतं माप मिळालं. १९६१ च्या कमाल जमीनधारणा कायद्याने कंपन्यांचे मळे काढून सरकारी शेती महामंडळाकडे दिले. कंपनीकडे यंत्रं उरली, हक्काचा ऊस गेला. जुना मालकवर्ग असा सरकारी कागदावरच मागे पडला.

नव्याचं काय? भांडवलाचं रूढ सूत्र होतं : सभासद १०, सरकार ३०, कर्ज ६० टक्के, त्या कर्जालाही बहुधा सरकारची हमी. म्हणजे शंभरातले नव्वद रुपये मुंबई-दिल्लीच्या सह्यांवर. सही आणायला आमदार लागतो. मग परक्याची मनधरणी करण्यापेक्षा आपणच उभं राहिलेलं बरं!

आता मतं. सहकारात एका सभासदाला एकच मत, एकरभरवाला असो की पन्नास एकरवाला. तरी संचालक मंडळावर बडा बागायतदारच निवडून येतो, कारण ऊस थांबत नाही. जुलै-ऑगस्टात लावलेला ऊस, ज्याला आडसाली म्हणतात, पंधरा-सोळा महिन्यांत तुटायला हवा. उशीर झाला की तुरा येतो, कांडी पोकळ होते, वजन घटतं, खोडवा, म्हणजे तोडलेल्या बुडख्यांतून फुटणारं पुढचं पीक, तोही मागे पडतो. तोडल्यावर दिवसभरात गाळला नाही तर उतारा, म्हणजे उसातून निघणाऱ्या साखरेचं प्रमाण, उतरतो. तोडणी मजुरांची टोळी कुणाच्या फडात आधी पाठवायची हे कारखान्याचं शेतकी खातं ठरवतं आणि शेतकी खातं संचालक मंडळाच्या शब्दाबाहेर नसतं. नियमाने क्रम लावणीच्या तारखेचा, पण नोंदीची तारीख मागेपुढे व्हायला कितीसा वेळ लागतो? विरोधात मत दिलेल्याचा ऊस मार्चच्या उन्हात उभा राहिला, तर गावाला कारण सांगावं लागत नाही.

१९९७ मध्ये झोनबंदी, म्हणजे आपल्या भागातल्या कारखान्यालाच ऊस घालायची सक्ती, उठली; १९९८ मध्ये परवाना गेला. उरली ती दोन कारखान्यांमधल्या हवाई अंतराची अट. महाराष्ट्रात २५ किलोमीटर. नव्या कारखान्याची जागा आजही त्याच अंतरावर अडते.