सावंतवाडीत मी एका माशाला घाबरवलं

गोव्याचे चार दिवस मस्त गेले, फोटो टाकलेत, त्यावर काही लिहीत नाही. लिहायचंय ते परतीच्या दीड तासाबद्दल. गाडी संध्याकाळची होती आणि सावंतवाडी स्टेशन पडतं गावाबाहेर, तिथे बाकावर बसून घामाघूम होण्यापेक्षा म्हणून नवऱ्याला ओढत मोती तलावासमोरच्या राजवाड्यात नेलं.

दरबार हॉलमध्ये गंजिफा, म्हणजे जुन्या खेळाचे पत्ते, हाताने रंगवतात एवढं ऐकून होते. मला वाटलं काचेच्या कपाटात चार जुनी पानं असतील, बघू आणि निघू. आत गेलो तर वर झुंबरं आणि खाली काही जण टेबलावर मान घालून कामाला लागलेले, रंगाच्या वाट्या, अर्धा प्यायलेला चहा, मधेच कोणीतरी मालवणीत काहीतरी बोलतं आणि सगळे हसतात. राजाचा दरबार कमी आणि दुपारचं माजघर जास्त.

एक काकू मत्स्याचं आठाचं पान रंगवत होत्या. दशावतारी गंजिफा म्हणजे दहा अवतारांची प्रत्येकी बारा, म्हणजे १२० गोल पानं, राजा, प्रधान आणि एक्क्यापासून दहापर्यंत. तर त्या आठाच्या पानावर आठ मासे आणि काकू अगदी बारीक ब्रशने एकेकाला डोळा देत होत्या, श्वास धरून, एक टिंब, मग श्वास सोडायचा, मग पुढचा मासा. आणि मी अगदी शेजारी उभी राहून विचारलं, "काकू, तुम्हाला हा खेळ येतो का हो?"

ब्रश हलला. टिंब पसरलं.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. काकूंनी पान जरा लांब धरून बघितलं, मग त्याच टिंबाला गोल करून डोळा मोठा करून टाकला आणि म्हणाल्या, "आता ह्यो मासो जरा घाबरलेलो दिसता." आणि मग, "रंगवूक येता, खेळूक नाय."

खेळ तिघांचा, दिवसा रामाचा राजा हातात असलेला सुरुवात करतो आणि रात्री कृष्णाचा असलेला, इतका सुंदर नियम, पण खेळायला बसणारं कोण उरलंय! कलाही जवळजवळ गेलीच होती म्हणे. १९७०च्या दशकात राजेसाहेब शिवरामराजे आणि राणीसाहेब सत्त्वशीलादेवींनी पुंडलिक चितारी नावाच्या म्हाताऱ्या कलाकाराला गाठलं, राणीसाहेब स्वतः त्यांच्याकडे शिकल्या आणि मग गावातली मुलंमुली इथे बसायला लागली. आधी कापडाला चिंचोक्याची खळ लावून पानं करायचे, वरून लाखेचा थर. हे ऐकताना मी हात मागे बांधून लांब उभी होते, शाळेत शिक्षा केल्यासारखी.

तेवढ्यात नवरोबांनी किंमत विचारली आणि ऐकून भर हॉलमध्ये मोठ्याने, "प्रिंटेड नाहीत का, स्वस्तातली?" सगळे ब्रश एकदम थांबले. अशा वेळी हा माणूस आपल्याबरोबर नाही असं दाखवायची सोय हवी.

मी मात्र त्याला बोलायच्या लायकीची नाही, कारण अर्ध्या तासाने चितारआळीत लाकडी सीताफळासाठी मीच वीस रुपयांवरून घासाघीस करत होते. सीताफळाचा एकेक डोळा हाताने रंगवलेला, आणि मी वीस रुपये!

निघताना मी ते आठाचं पान विकत मागितलं होतं. काकूंनी मान हलवली, एक पान दिलं तर सगळा डाव फुकट जातो. पान परत बाकीच्यांबरोबर वाळायला ठेवलं. तेव्हा कोणी हल्ली तिथून दशावतारी घेतली असेल तर मत्स्याचं आठाचं पान काढून बघा, एका माशाचा डोळा मोठा आहे. तो मी.